न्यू जर्सीची राज्यचिन्हं: यादीच्या मागे जाऊन पाहिलं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुटुंब नुकतंच मिडलसेक्स काउंटीत राहायला आलंय, मुलगी चौथीत आहे आणि शाळेनं न्यू जर्सीवर ‘स्टेट रिपोर्ट’ करायला सांगितलाय. राजधानी, ध्वज, पक्षी, फूल, झाड असं पोस्टरवर लिहायचंय. पण नेटवर एका चिन्हासाठी दोन-दोन सालं सापडतात. राज्यगीत एका यादीत आहे, दुसऱ्या यादीत नाही. खरं कोणतं मानायचं, आणि एवढी यादी लिहिली की काम झालं का?

मी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात बरीच वर्षं काम करतेय. दरवर्षी हा प्रकल्प आला की मुलं आणि त्यांचे आईवडील आमच्या टेबलाशी येतात. त्यात मराठी घरंही पुष्कळ असतात, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी सालांचा घोळ. राज्यचिन्ह ठरतं ते कायद्यानं. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी, म्हणजे सिनेट आणि जनरल असेंब्लीनं, विधेयक मंजूर करायचं आणि गव्हर्नरनं सही करायची. मग ते राज्याच्या कायद्यांच्या ५२व्या शीर्षकात, म्हणजे ‘टायटल ५२’ या विभागात, नोंदलं जातं. कायदा झाला नसेल तर लोक काहीही म्हणोत, ते अधिकृत चिन्ह नाही. व्हायोलेट या फुलाची गोष्ट पाहा. १९१३ मध्ये विधिमंडळानं नुसता ठराव करून व्हायोलेटला राज्यपुष्प म्हटलं. त्या ठरावाचा जोर पुढच्या वर्षीचं अधिवेशन सुरू होईपर्यंतच होता. पुढे कित्येक दशकं सगळे व्हायोलेटलाच राज्यपुष्प म्हणत राहिले, पण कायद्यात ते कुठेच नव्हतं. शेवटी इथल्या गार्डन क्लबांनी पाठपुरावा केला आणि १९७१ मध्ये रीतसर कायदा झाला. म्हणून एका यादीत १९१३ दिसतं आणि दुसरीत १९७१. मुलीला दोन्ही सालं लिहू द्या आणि मधल्या काळात काय झालं ते एका ओळीत सांगू द्या. एवढ्यानंही तिचा रिपोर्ट वर्गातल्या बऱ्याच रिपोर्टांपेक्षा वेगळा होईल.

प्रत्येक चिन्हाला तीन प्रश्न विचारायचे: मागणी कोणी केली, केव्हा केली, आणि तेच का निवडलं? उत्तरं शोधता शोधता राज्याचा इतिहास आपोआप हाती येतो. नुसतं ‘पक्षी: गोल्डफिंच’ लिहून मुलाच्या पदरात काही पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता मूलभूत माहिती. न्यू जर्सी क्षेत्रफळानं अमेरिकेतलं चौथं सर्वांत लहान राज्य आहे. जमीन सुमारे १९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडीच जास्त. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या ९२,८८,९९४ होती. दर चौरस मैलामागे सुमारे १,२६३ माणसं, आणि पन्नासही राज्यांत ही घनता सर्वाधिक. मुलांना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहायला सांगावेत. लहान जागा आणि दाट वस्ती हे कळलं की पुढचं बरंच काही सुटं होत जातं.

नकाशा काढायला लावला असेल तर सीमा नीट पाहून घ्या. पश्चिमेला डेलावेअर नदी, दक्षिणेला डेलावेअर उपसागर, पूर्वेला अटलांटिक महासागर आणि हडसन नदी. जमिनीवरची मोठी सीमा फक्त उत्तरेला, न्यूयॉर्क राज्याशी. सर्वांत उंच जागेचं नावच हाय पॉइंट आहे. ती ससेक्स काउंटीत आहे आणि तिची उंची १,८०३ फूट. इथेच मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: एलिस आयलंड कुणाचं? १९९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मूळचं छोटं बेट न्यूयॉर्कचं, पण नंतर भराव टाकून वाढवलेला भाग न्यू जर्सीचा. बेटाचा बहुतेक भाग भरावाचाच आहे. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा मात्र न्यूयॉर्कच्या हद्दीत येतो, जरी त्याच्या भोवतालचं पाणी न्यू जर्सीचं असलं तरी.

काउंट्या २१ आणि नगरपालिका ५६४. हा दुसरा आकडा जुन्या पुस्तकांत ५६६ किंवा ५६५ असा सापडेल, कारण गावं एकमेकांत विलीन होतात. प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाउनशिप २०१३ मध्ये एक झाले, आणि २०२२ मध्ये पाइन व्हॅली हे चिमुकलं गाव शेजारच्या पाइन हिलमध्ये गेलं. बरो, टाउनशिप, सिटी, टाउन आणि व्हिलेज असे नगरपालिकांचे पाच प्रकार इथे आहेत. तुमचं गाव कोणत्या प्रकारात बसतं ते मुलीला शोधायला सांगा. एडिसनचंच पाहा: ती टाउनशिप आहे आणि १९५४ पर्यंत तिचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती. १८७७चा फोनोग्राफ आणि १८७९चा विजेचा दिवा तिथलेच, म्हणून पुढे गावालाच त्यांचं नाव दिलं.

राजधानी ट्रेंटन, १७९० पासून. त्याआधी दोन राजधान्या होत्या, पर्थ अॅम्बॉय आणि बर्लिंग्टन. याचं कारण थोडं मागे जातं. इथले मूळ रहिवासी लेनापे. हॅकेनसॅक, पसेइक, रॅरिटन, होबोकेन ही नावं त्यांच्या भाषेतून आलेली आहेत. डच आणि स्वीडिश वसाहतींनंतर १६६४ मध्ये इंग्रजांनी हा प्रदेश घेतला आणि ड्यूक ऑफ यॉर्कनं तो जॉन बर्कली आणि जॉर्ज कार्टरेट या दोघांना देऊन टाकला. कार्टरेट इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाचे, म्हणून न्यू जर्सी. १६७६ मध्ये प्रदेशाची ईस्ट जर्सी आणि वेस्ट जर्सी अशी वाटणी झाली. १७०२ मध्ये दोन्ही भाग पुन्हा एक झाले तरी दोन राजधान्यांची सवय सुटायला आणखी जवळजवळ नव्वद वर्षं लागली. आजही नॉर्थ जर्सीचे लोक न्यूयॉर्ककडे आणि साउथ जर्सीचे फिलाडेल्फियाकडे बघतात, आणि ते मुलांनाही जाणवतं. लेनापे लोक इतिहासात संपले असं मात्र रिपोर्टमध्ये लिहू देऊ नका. नॅन्टिकोक लेनी-लेनापे, पोव्हॅटन रेनापे आणि रामापो लेनापे या तीन जमातींना राज्याची मान्यता आहे आणि त्यांची माणसं इथेच राहतात.

स्थापनेचं साल हा गोंधळाचा दुसरा मोठा मुद्दा. राज्याच्या मुद्रेवर, म्हणजे अधिकृत शिक्क्यावर, १७७६ लिहिलंय आणि पुस्तकात १७८७. दोन्ही बरोबर आहेत. २ जुलै १७७६ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या दोन दिवस आधी, न्यू जर्सीनं स्वतःची राज्यघटना स्वीकारली. आणि १८ डिसेंबर १७८७ रोजी अमेरिकेच्या राज्यघटनेला मान्यता देणारं ते तिसरं राज्य ठरलं. आधी डेलावेअर आणि पेनसिल्व्हेनिया झाली होती. १७७६च्या त्या घटनेत मतदानाचा हक्क पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशांना’ दिला होता. त्यामुळे मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया, विधवा आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय इथे मत देत होते. १८०७ मध्ये कायदा बदलून तो हक्क फक्त गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला. चौथीच्या मुलीला हे सांगायला हरकत नाही, उलट सांगावंच. मिळालेला हक्क काढूनही घेता येतो, हे मुलांना नीट समजतं आणि ते त्यावर फार चांगले प्रश्न विचारतात.

मुद्रा आणि ध्वज एकत्रच करावेत, कारण ध्वजावर मुद्रेतलंच चित्र आहे. मुद्रा १७७७ मध्ये पिएर यूजीन द्यु सिमितिएर यांनी तयार केली. जन्मानं स्विस असलेले हे चित्रकार फिलाडेल्फियात राहत आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मुद्रेच्या पहिल्या समितीलाही त्यांनी मदत केली होती. ढालीवर तीन नांगर आहेत. एका बाजूला काठीवर टोपी घेतलेली स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या बाजूला धनधान्यानं भरलेलं शिंग घेतलेली रोमन धान्यदेवता सेरेस. वर शिरस्त्राण आणि त्यावर घोड्याचं डोकं. खाली ‘स्वातंत्र्य आणि समृद्धी’ हे ब्रीद. मुलांना हे चित्र रंगवायला आवडतं. रंगवताना त्यांना विचारा की तीन नांगर, धान्यदेवता आणि घोडा हे सगळं एकाच चित्रात का? तेव्हाचं राज्य शेतीवर जगत होतं हे उत्तर ती स्वतःच देतात. घोड्याला स्वतंत्रपणे राज्यप्राण्याचा मान १९७७ मध्ये मिळाला, पण मुद्रेवर तो दोनशे वर्षं आधीपासून आहे.

ध्वज १८९६चा. पार्श्वभूमी बफ रंगाची, म्हणजे फिकट पिवळसर तपकिरी, आणि मधोमध चित्रातली ढाल निळी. हे रंग स्वातंत्र्ययुद्धातले आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७७९ मध्ये न्यू जर्सीच्या पलटणींसाठी गडद निळे कोट आणि त्यांना बफ रंगाचे काठ ठरवले होते. वॉशिंग्टन यांचा युद्धातला बराच काळ याच भूमीवर गेला. १७७६च्या नाताळच्या रात्री बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेंटनवर हल्ला केला, तो प्रसंग मुलांना शाळेतही शिकवतात. ध्वज रंगवताना मुलं हटकून भडक पिवळा खडू उचलतात. हा रंग पिवळा नाही हे आधीच सांगून ठेवा.

आता ‘गार्डन स्टेट’. फॅक्टरी, टर्नपाइक आणि विमानतळ पाहून आलेल्या माणसाला हे नाव पटत नाही. प्रचलित हकीकत अशी की १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात अब्राहम ब्राउनिंग यांनी भाषणात न्यू जर्सीला दोन्ही बाजूंनी उघडं, खाण्याच्या पदार्थांनी भरलेलं पिंप म्हटलं. एका टोकाला पेनसिल्व्हेनियाचे लोक खातायत आणि दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कचे. दोन मोठ्या शहरांच्या मधोमध असलेल्या राज्यानं दोघांनाही भाजीपाला आणि फळं पुरवली, आणि हे अगदी खरं होतं. गाड्यांच्या नंबरप्लेटवर हे शब्द घालायचं विधेयक १९५४ मध्ये आलं तेव्हा गव्हर्नर रॉबर्ट मायनर यांनी ते नाकारलं. राज्याची ओळख इतर उद्योगांपेक्षा शेतीशीच जास्त आहे असं इथल्या सामान्य नागरिकाला वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. विधिमंडळानं त्यांचा नकार मतदानानं रद्द केला आणि शब्द प्लेटवर आले. तुमच्या गाडीच्या मागे ते आजही आहेत. मुलीला ते दाखवा आणि त्यामागचं भांडण सांगा.

‘गार्डन’ शब्दाचा पुरावा हवा असेल तर ब्लूबेरी पाहा. हायबुश ब्लूबेरी २००३ पासून राज्यफळ आहे, आणि त्यासाठी ब्रिक या गावातल्या चौथीच्या मुलांनी प्रयत्न केले होते. या फळाची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लूबेरी हे रानफळ होतं. ती शेतात लावता येत नाही अशीच समजूत होती. फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की या झुडपाला आम्लयुक्त माती लागते. सुपीक बागायती मातीत ते मरतं. दक्षिण जर्सीतल्या व्हाइट्सबॉग इथे वडिलांचा क्रॅनबेरीचा मळा सांभाळणाऱ्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांचा अहवाल वाचला आणि १९११ मध्ये स्वतःहून पत्र लिहून आपली जमीन प्रयोगांसाठी देऊ केली. पाइन बॅरन्स म्हणून ओळखली जाणारी ती रेताड, आम्लयुक्त, ‘निरुपयोगी’ समजली जाणारी जमीनच नेमकी योग्य होती.

पुढची युक्ती व्हाइट यांचीच. त्यांनी आसपासच्या रानात राहणाऱ्या लोकांना ठरावीक मापाची भोकं असलेली साधनं दिली आणि सांगितलं, एवढं मोठं फळ येणारं झुडूप दाखवा, पैसे देते. रान माहीत असलेल्या त्या माणसांनी झुडपं शोधली, आणि ज्यानं झुडूप शोधलं त्याचं नाव त्या वाणाला दिलं. ‘रुबेल’ हा वाण रूब लीक यांच्या नावावरून आलाय आणि तो अजूनही लावला जातो. १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. आज तुमच्या डब्यात, फ्रीजमध्ये जी ब्लूबेरी येते, जगाच्या कुठल्याही भागातून येवो, तिची वंशावळ बहुधा इथपर्यंत पोचते. व्हाइट्सबॉगचं जुनं गाव जतन केलंय आणि कुटुंबानं जाऊन बघण्यासारखं आहे. हॅमन्टन गाव जुलैमध्ये गाठलं तर शेतातून स्वतः फळं तोडायलाही मिळतात.

डायनासोरही याच मातीतून आला. न्यू जर्सीत मार्ल नावाची हिरवट समुद्री माती सापडते. जुने शेतकरी ती खणून खत म्हणून शेतात टाकायचे. १८३८ मध्ये हॅडनफील्डजवळच्या जॉन हॉपकिन्स यांच्या शेतात अशाच एका खड्ड्यात प्रचंड हाडं सापडली आणि त्यांनी ती घरात ठेवली. वीस वर्षांनी, १८५८ मध्ये, विल्यम पार्कर फूल्क यांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी पुन्हा खणलं आणि हाडं फिलाडेल्फियाच्या जोसेफ लायडी यांच्याकडे पोचवली. लायडींनी प्राण्याला हॅड्रोसॉरस फूल्काय असं नाव दिलं. पुढचे पाय मागच्यांपेक्षा आखूड आहेत हे पाहून हा प्राणी मागच्या पायांवर उभा राहत असावा, असं त्यांनी मांडलं. तोपर्यंत डायनासोर म्हणजे गेंड्यासारखा चार पायांवर चालणारा सरडा, अशीच कल्पना होती. १८६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात त्याचा सांगाडा उभा केला आणि उभारलेला डायनासोरचा सांगाडा जगानं पहिल्यांदा पाहिला. शेतात खत टाकायला खणलेल्या खड्ड्यातून डायनासोरांच्या अभ्यासाला नवं वळण मिळालं.

१९९१ मध्ये तो राज्य डायनासोर झाला, तोही एका शिक्षिकेच्या आणि तिच्या वर्गातल्या मुलांच्या पाठपुराव्यामुळे. त्यांना विधिमंडळात अनेकदा खेटे घालावे लागले. हॅडनफील्डला मूळ जागी आता छोटं उद्यान आहे आणि गावात डायनासोरचा पुतळा आहे. मुलं त्याला ‘हॅडी’ म्हणतात.

मुलांनी मागणी केली आणि कायदा झाला, ही इथली जुनी परंपरा आहे. १९७४ मध्ये हॅमिल्टन टाउनशिपमधल्या सनीब्रे शाळेची मुलं विधिमंडळापुढे गेली आणि मधमाशी राज्यकीटक झाली. (मधमाशी मुळात अमेरिकेची नाही, युरोपातून वसाहतवाल्यांनी आणलेली आहे. तरीही ब्लूबेरी, क्रॅनबेरी आणि फळबागांना तिच्याशिवाय चालत नाही, म्हणून निवड योग्यच.) २०१८ मध्ये प्रिन्स्टनच्या मुलांच्या प्रयत्नांतून बॉग टर्टल हा दलदलीतला कासव राज्य सरपटणारा प्राणी ठरला. तो जेमतेम चार इंच लांब वाढतो, उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत लहान कासवांपैकी आहे आणि त्याचं अस्तित्व धोक्यात आहे. अशा प्राण्याला चिन्ह करण्यात अर्थ असतो, कारण दलदल बुजवून घरं बांधायचं ठरतं तेव्हा त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी हवं असतं.

बाकीची चिन्हं मी झटपट सांगते. पक्षी ईस्टर्न गोल्डफिंच, १९३५. उन्हाळ्यात नर लखलखीत पिवळा असतो आणि हिवाळ्यात तपकिरी होतो, म्हणून मुलं हिवाळ्यात त्याला ओळखत नाहीत. झाड नॉर्दर्न रेड ओक, १९५०. मासा ब्रुक ट्राउट, १९९१. शंख नॉब्ड व्हेल्क, १९९५, तो जर्सी शोअरवर वाळूत सापडतो. लोकनृत्य स्क्वेअर डान्स, १९८३. पण गोल्डफिंच आयोवा आणि वॉशिंग्टन राज्यांचाही पक्षी आहे. व्हायोलेट इलिनॉय आणि ऱ्होड आयलंडचंही फूल आहे. घोडा आणि मधमाशी तर कितीतरी राज्यांनी घेतल्या आहेत. पोस्टरवरची जागा मर्यादित असते. ती या चिन्हांवर संपवू नका. जी चिन्हं न्यू जर्सीखेरीज दुसरीकडे कुठेच येऊ शकत नाहीत त्यांना मोठी जागा द्या.

अशांपैकी एक कुत्रा आहे. जानेवारी २०२० मध्ये ‘सीइंग आय डॉग’ हा राज्य कुत्रा झाला. ही जात नाही, ते काम आहे. दृष्टिहीन माणसांना रस्ता दाखवणारे कुत्रे तयार करणारी सीइंग आय ही संस्था १९२९ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत न्यू जर्सीत आली. आता ती मॉरिसटाउनजवळ आहे. डोरोथी युस्टिस आणि स्वतः दृष्टिहीन असलेले मॉरिस फ्रँक यांनी ती उभी केली. मॉरिसटाउनच्या फुटपाथवर प्रशिक्षकासोबत चालणारे लॅब्रॅडॉर आणि शेपर्ड नेहमी दिसतात. तिथे गेलात तर मुलीला आधीच सांगा, कामात असलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही.

दुसरं चिन्ह डोळ्यांना दिसत नाही. २०१९ मध्ये न्यू जर्सीनं स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूला राज्य सूक्ष्मजीव म्हणून मान्यता दिली. तोवर असं करणारं ओरेगॉन हे एकच राज्य होतं. त्यानं २०१३ मध्ये बिअर आणि पाव करण्याच्या यीस्टला तो मान दिला होता. न्यू जर्सीची निवड मला फार मोलाची वाटते. हा जिवाणू १९१६ मध्ये इथल्याच मातीतून रटगर्स विद्यापीठात वेगळा केला होता, पण त्याचं महत्त्व तेव्हा कळलं नाही. १९४३ मध्ये रटगर्सच्याच सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्यानं त्याच्यापासून एक औषध मिळवलं. एलिझाबेथ ब्यूगी याही त्या कामात होत्या. ते औषध स्ट्रेप्टोमायसिन, क्षयरोगावर परिणामकारक ठरलेलं पहिलं प्रतिजैविक. त्याआधी क्षय म्हणजे सॅनेटोरियम, मोकळी हवा, चांगलं खाणं आणि नशीब.

श्रेयाचा वाद पुढे न्यायालयात गेला. शॅट्झ यांनी १९५० मध्ये दावा लावला आणि तडजोडीत त्यांना सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली. १९५२चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळालं. चौथीच्या रिपोर्टमध्ये तिन्ही नावं लिहावीत, असा माझा आग्रह असतो. मराठी घरांत ही गोष्ट सांगायला आणखी एक कारण आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत ज्यांच्या घरी क्षय झाला होता त्यांना स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आठवतात. पुढे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही हे औषध तयार होत होतं. मुलीनं भारतात फोन लावून आजी-आजोबांना विचारावं. त्यांना काही आठवलं तर ते तिच्या रिपोर्टमध्ये येऊ दे. हा माणसांशी बोलून मिळवलेला पुरावा आहे, शिक्षकांना तो आवडतो आणि तो दुसऱ्या कुणाकडे नसतो.

आता राज्यगीत. न्यू जर्सीला अधिकृत राज्यगीत नाही, कधीच नव्हतं. ‘आय’म फ्रॉम न्यू जर्सी’ या गाण्याचं विधेयक १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही सभागृहांतून पार झालं होतं, पण गव्हर्नर विल्यम केहिल यांची सही मिळाली नाही. काही याद्या त्यालाच राज्यगीत म्हणतात ते चूक आहे. १९८० मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘बॉर्न टू रन’ला तरुणांचं अनधिकृत रॉक गीत म्हणण्याचा ठराव आला, आणि ते गाणंही अधिकृत नाही. ‘गीत नसलेलं एकमेव राज्य’ असं वाक्य पुस्तकांत असतं तेही आता जुनं झालं, कारण मेरीलँडनं २०२१ मध्ये आपलं युद्धकालीन गीत कायद्यातून काढून टाकलं. पोस्टरवर राज्यगीताच्या रकान्यात ‘नाही’ लिहायचं आणि कारण द्यायचं. हे उत्तर पूर्ण आहे. शिक्षिका गुण कापतील ही भीती बाळगू नका.

सरकारच्या रकान्यासाठी: गव्हर्नरची निवडणूक इथे विषम वर्षी होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिकी शेरिल निवडून आल्या. विधिमंडळात सिनेटर ४० आणि असेंब्ली सदस्य ८०. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १२ जागा. नावं बदलत राहतात, म्हणून ती वाचनालयातल्या पुस्तकातून घेऊ नका, राज्याच्या संकेतस्थळावरून त्या आठवड्यात तपासा. चिन्हांची सालंही शक्यतो तिथूनच घ्या. दोन ठिकाणी फरक आढळला तर कायदा कधी झाला ते शोधा आणि ते साल धरा. ते सापडलं नाही तर तुमच्या वाचनालयात विचारा. आमच्या कामाचा तो भाग आहे, आणि त्यासाठी कुणालाही संकोच वाटायचं कारण नाही.

पोस्टरची मांडणी मी अशी सुचवेन. एका बाजूला नकाशा आणि मूलभूत आकडे, छोट्या अक्षरांत. मधोमध मुद्रा. आणि अर्धी जागा तिनं निवडलेल्या एकाच चिन्हाच्या गोष्टीला, मग ती ब्लूबेरी असो, डायनासोर असो किंवा सूक्ष्मजीव. निवड तिची असावी, तुमची नाही. घरात शेवटी आईवडीलच पोस्टर करतात आणि शिक्षकांना ते लगेच कळतं.

आणि तिला एखादं नवं चिन्ह सुचलं तर तो मार्ग तिच्यासाठीही खुला आहे. प्रत्येक मतदारसंघाला एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य असतात. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की तुमचे तिघं सापडतात. विधिमंडळाचं सत्र दोन वर्षांचं असतं आणि सत्र संपेपर्यंत मंजूर न झालेलं विधेयक पुढच्या सत्रात नव्यानं मांडावं लागतं. म्हणून डायनासोरसारख्या मागण्यांना वर्षं लागली. पत्र तिनं स्वतःच्या हातानं लिहावं. काय हवंय, का हवंय आणि ते न्यू जर्सीचंच कसं आहे, एवढं एका पानात बसतं.